पिवळे पाय म्हणजे गावरान नव्हे

नारायण पेठेतले गिऱ्हाईक असो की कॅम्पातले, पुण्यात कोंबडी घेताना एक प्रश्न ठरलेला असतो: "गावरान आहे ना?" गावरानला भाव जास्त, म्हणून ब्रॉयलरच्या संकराची रंगीत कोंबडीही त्याच नावाने खपते. पिवळे पाय दाखवले की गिऱ्हाईकाचे समाधान होते. परंतु अंगावरचे गुण आईबापांकडून पिल्लांत कसे उतरतात, हे आपल्या कोंबडीवाल्या बांधवांनी समजून घेतले पाहिजे. त्यात नफा-नुकसानीचा हिशेब आहे.

पायांचा रंग

घरची कोंबडी ही मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याची संतती. पिवळी कातडी मात्र आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आली, असे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. हा गुण दबून राहणारा आहे. आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच कातडी पिवळी होते. अस्सल पांढऱ्या कातडीचा कोंबडा पिवळ्या कातडीच्या कोंबडीवर सोडला तर सगळी पिल्ले पांढऱ्या कातडीची निघतात. त्यांची आपसात पैदास केली की साधारण चारात एक पिवळे निघते. हा पिवळेपणा मका व हिरव्या पाल्यातून भरतो. ब्रॉयलरचे पायही पिवळेच असतात. मग पायांवरून पारख कशी होणार?

मानेवर पिसे नसण्याचा गुण याच्या उलट. तो एकाकडून आला तरी पिल्लात दिसतो. पिसे कमी असल्याने अशी कोंबडी उन्हाळा चांगला सोसते.

वजनाचा हिशेब

ब्रॉयलर सहा आठवड्यांत २ किलोच्या आसपास जातो. तांबडा रानकोंबडा पूर्ण वाढूनही साधारण १ किलोचाच. वजन एका गुणावर नव्हे, अनेक गुणांवर ठरते. म्हणून पहिल्या संकराची पिल्ले दोघांच्या मधली आणि बरीचशी सारखी निघतात. पुढच्या पिढीत गुण विखुरतात: एक पिल्लू भारी, दुसरे किरकोळ.

बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराजा या संकरित कोंबड्या परसात चांगल्या वाढतात. पण पिल्लांचे पैसे वाचवायला त्यांचीच अंडी उबवली तर लॉट एकसारखा येत नाही आणि व्यापारी भाव पाडतो. दर खेपेस पिल्ले हॅचरीतूनच आणावीत. रानकोंबडा पकडून संकर करू पाहणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

माल घेताना पिल्ले कुठली व किती दिवसांची, हे आधी विचारा. अडीच-तीन महिन्यांत २ किलो भरली तर ती गावरान नव्हे. संकराची कोंबडी खाण्यास वाईट नाही. तिला तिच्याच नावाने आणि रास्त भावाने विकावे. मालाचा ऐब झाकून विकणे आपल्या दीनात मना आहे, आणि बरकत सचोटीच्या रोजीतच असते.