मिनिटाला १२०० गोळ्या? चला, हिशेब करू

देवणीत चहाच्या हॉटेलात बसलं की कुणीतरी पोरगं मोबाईल पुढं करतं. "काका, पोलिसांचं ग्लॉक ७ बघा. चिनी मातीचं हाय. विमानतळाच्या मशीनला दिसत नाही. अन् मिनिटाला बाराशे गोळ्या!"

मी पेन काढतो.

ग्लॉक ७ नावाचं पिस्तूल कधी बनलंच नाही. ग्लॉक या ऑस्ट्रियन कंपनीचं पहिलं पिस्तूल तिथल्या लष्करानं १९८२ मध्ये पसंत केलं, त्याचं नावच ग्लॉक १७. कंपनीचे संस्थापक गास्टन ग्लॉक यांचं ते सतरावं पेटंट. मॉडेलांची मोजणीच सतरापासून सुरू होते, मग सात येणार कुठून? ते आलं १९९० च्या 'डाय हार्ड २' सिनेमातल्या एका संवादातून.

रिकामं ग्लॉक १७ भरतं साधारण ६२५ ग्रॅम. मूठ प्लास्टिकची, पण नळी आणि वरची सरकती स्लाइड पोलादाची. वजनाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग धातू, म्हणजे अर्धा किलो! किल्ल्यांच्या जुडग्यावर वाजणारं मशीन त्यावर गप्प बसेल?

बाराशेचा आकडा मात्र खरा आहे. तो ग्लॉक १८ चा, ऑस्ट्रियाच्या 'कोब्रा' पथकासाठी बनवलेल्या दुर्मीळ पिस्तुलाचा. सेकंदाला २० गोळ्या. पण मॅगझिनमध्ये गोळ्या किती? १७. म्हणजे ०.८५ सेकंदात खेळ खलास. तोंडातून 'देवणी' एवढा शब्द निघेस्तोवर पिस्तूल रिकामं. बाराशे गोळ्यांना ७१ मॅगझिन लागतील. अगदी सराईत हातानं दोन-दोन सेकंदांत बदलली, तरी नुसत्या बदलण्यातच १४० सेकंद जातात. एकेका गोळीचं शिसं ८ ग्रॅम धरा, तर साडेनऊ किलोंवर वजन, काडतुसाचं पितळ वेगळंच. एवढं ओझं कमरेला लावून कोण चालणार? १२०० हा यंत्राचा वेग आहे, मिनिटभरात सुटणाऱ्या गोळ्यांची संख्या नव्हे. पोरांनो, पुढं ढकलण्याआधी एवढा भागाकार तरी करा.

आणि पोलिसांच्या हत्याराचं नवलच करायचं असेल, तर २६/११ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्रीचं करा. हल्लेखोर कसाबच्या एके-४७ चा वेग मिनिटाला ६००, म्हणजे सेकंदाला १०. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडं फक्त लाठी होती. त्यांनी त्या बंदुकीची नळी हातांनी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि सोडली नाही. कसाब जिवंत सापडला.