विजेचा भार व एंजिनाचे श्रम

आपल्या शहरांतील पाणचक्की पुष्कळांनीं पाहिली असेल. पाण्याच्या जोरानें फिरणाऱ्या अशा जात्यांत धान्य नसेल तर दगड चपळ फिरतो. धान्य पडतांच तो मंदावतो. ह्याचें कोणास नवल वाटत नाहीं, कारण दळण्याचे श्रम डोळ्यांस दिसतात.

वीज उत्पन्न करणाऱ्या जनित्राचा प्रकार मात्र कोड्यांत टाकणारा आहे. लग्नमंडपाबाहेर डिझेलचें एंजिन एका सुरांत चाललेलें असतें. मंडपांत शंभर दिवे एकदम लागतांच त्याचा सूर खालीं उतरतो, काळा धूर निघतो, आणि क्षणभरानें तें सांवरतें. दिव्यांची तार तर एंजिनास कोठेंच जोडलेली नाहीं! मग ही वार्ता त्यास कोणीं दिली?

ती चुंबकानें दिली. जनित्रांत तारांच्या वेटोळ्यांमध्यें चुंबक फिरतो, तेणेंकरून तारांत विजेचा दाब उत्पन्न होतो. सर्व बटणें बंद असतां प्रवाह वाहत नाहीं. एंजिनास बहुतेक घर्षणाशींच झगडावें लागतें. दिवे लागले कीं प्रवाह वाहतो, आणि प्रवाह वाहणारें वेटोळें स्वतःच चुंबक बनून फिरणाऱ्या चुंबकास मागें ओढूं लागतें. हा नियम लेन्झ ह्या शास्त्रज्ञानें १८३४ सालीं मांडला. दिवे जितके अधिक, तितकी ओढ अधिक. असें नसतें तर वीज फुकट मिळाली असती. पण सृष्टीच्या दुकानीं उधारी चालत नाहीं. ६० वॅटचे शंभर दिवे म्हणजे ६,००० वॅट, अर्थात् सुमारें ८ अश्वशक्ति. ती डिझेल जाळूनच पुरवावी लागते.

वेग घटतांच एंजिनाचा गव्हर्नर इंधन वाढवितो. जेम्स वॅटनें १७८८ सालीं वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा असाच नियामक बसविला होता. पैठणच्या जायकवाडी धरणावर १२ मेगावॅटचें वीजकेंद्र आहे. तेथें डिझेलऐवजीं पाणी, परंतु न्याय तोच.

भार एंजिनाच्या शक्तीबाहेर गेला तर गव्हर्नरचाहि इलाज चालत नाहीं. वेग घसरतो, दिवे मंदावतात, सेकंदास ५० हीं विजेचीं आवर्तनें कमी होतात, आणि शेवटीं एंजिन बंद पडतें. रुग्णालयांत ही गोष्ट प्राणावर बेतणारी आहे. त्यांतून पंपाची मोटर सुरू होतांना कांहीं क्षण नेहमींच्या कित्येक पट प्रवाह घेते. म्हणून सरकारी वीज गेल्यावर जाणता यंत्रचालक प्रथम शस्त्रक्रियागृहास वीज देतो, आणि मग एंजिनाचा सूर सांवरल्याचें ऐकून एकेक पंप चालू करतो.