गुरुवारचा बेत

मे महिना. सावेडीतलं माझं माहेर. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, कूलरमधलं पाणी संपलंय, आणि भरायला कुणी उठत नाही, कारण शिर्डीचा विषय निघालाय. वॉटरपार्कला जायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे. म्हणजे पोरांचं.

"शिर्डीत जाऊन बाबांच्या आधी पाण्यात डुंबायचं?" आई विचारते.

दादा मोबाइल पुढे करतो. "अगं, तिथं साईतीर्थ पण आहे. द्वारकामाईचा शो आहे, त्यात बाबा हलतात, बोलतात. लंकादहन आहे."

"यंत्रातले बाबा?" आई चष्मा कपाळावर सारते. "खऱ्या द्वारकामाईत धुनी पेटलेली आहे, ती सोडून तिकीट काढून हे बघू?"

अप्पा इतका वेळ गप्प आहेत. "कुणाचं म्हणे ते?"

"संगमनेरच्या मालपाणींचं."

अप्पा तळहातावरची तंबाखू मळायची थांबवतात आणि शेजारच्या गाय छापच्या पुडीकडे बघतात. "म्हणजे आपलं तिकीट कधीच भरून झालंय."

वहिनीला हसायला वेळ नाही. मोठ्या घसरगुंडीला उंचीची अट असते, असं तिनं कुठंसं ऐकलंय. चिकूला ती स्वयंपाकघराच्या चौकटीला उभा करते आणि ब्लाउजच्या मापाची टेप काढते. चौकटीवर दर वाढदिवसाच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. चिकू छाती फुगवतो, हळूच टाचा उचलतो. "टाच खाली!" वहिनी त्याच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरते, फुगवलेले केस दाबते. मागच्या रेघेपेक्षा तीन बोटं वर. चिकूचा आकडा चार वेळा मोजला जातो आणि चारही वेळा वेगळा येतो.

मग नायलॉन. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, म्हणजे सहा जणांची खरेदी. बाहेरचं खाणंही आत नेऊ देत नाहीत, असं वहिनी सांगते. आईनं तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचा तक्कू मनातल्या मनात बांधूनसुद्धा ठेवलाय. "मग गेटबाहेर झाडाखाली खाऊ," ती म्हणते. मे महिन्यात शिर्डीत सावलीचं झाड शोधणं हीही एक सहलच.

रस्त्यावरून दादा आणि अप्पांची जुंपते. विळद घाट, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, 80-85 किलोमीटर. मोबाइल पावणेदोन तास दाखवतोय. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या आणि कंटेनरच्या गाड्यांमागे रखडलेला कुणीही या आकड्याला हसेल. अप्पा अडीच तास धरतात. माझं मत अप्पांना.

वाराचा प्रश्न मात्र आई सोडवते. गुरुवारच. गुरुवारी रात्री द्वारकामाईतून चावडीकडे बाबांची पालखी निघते, ती बघायची. सकाळी पोरांनी पाण्यात खेळावं, दुपारच्या उन्हात... ती जरा थांबते. "दुपारी ते लंकादहन बघू. गार हवेत बसायला तरी मिळेल."

दादा गालातल्या गालात हसतो आणि रजेचा अर्ज टाकतो. पहाटे सहाला निघायचं ठरतं. पालखी रात्री नऊनंतर निघते, म्हणजे शिर्डीत मुक्काम आला. खोलीचा विषय अजून कुणी काढलेला नाही.