सहरीतलं तूप

साखर वाढली म्हणून गेल्या रमजानमध्ये सहरीची, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाची पोळी सोडली. वजनाच्या धास्तीनं तूपही सोडलं. उरली दोन उकडलेली अंडी आणि काकडी! दुपारी जोहरच्या नमाजाआधीच वर्गात डोळ्यांपुढे अंधारी. अम्मी म्हणाली, "बेटा, सगळीच लाकडं काढलीस, चूल कशी जळेल?"

हिशेब तिचाच बरोबर. एक ग्रॅम कर्बोदकांतून ४ कॅलरी मिळतात, तुपा-तेलातून ९. शिवाय स्निग्ध अन्न पोटातून सावकाश उतरतं. यंदा अंडी तुपात, सोबत दूध बाजारातलं सायीचं दही, थोडे बदाम. समोसे यात धरू नका, तो मैदाच. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र रमजानआधीच डॉक्टरांना विचारावं. पोळी-भात कमी केला की डोसही बदलावा लागू शकतो.

इफ्तारला खजूर? आहे ना, एकच.