जाहिरातीतील स्त्री आणि घरातील स्त्री

सायंकाळी आजी-आजोबा आणि नातवंडे दूरचित्रवाणीसमोर एकत्र बसतात. कार्यक्रम आपण निवडतो. जाहिराती मात्र न विचारताच घरात येतात.

जून २०२२ मध्ये ‘लेयर शॉट’ या बॉडी स्प्रेच्या जाहिरातींवर देशभर संताप उसळला. त्यांपैकी एकीत दुकानात एकटी तरुणी आणि मागे चार तरुण दिसतात. त्यांच्या द्व्यर्थी बोलण्याने ती भयभीत होते आणि मग कळते, की विषय फळीवरच्या एकुलत्या बाटलीचा होता. सामूहिक बलात्काराची भीती हाच येथे विनोद! केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूब यांना त्या चित्रफिती काढण्यास सांगितले.

अशी टोकाची जाहिरात निदान पकडली जाते. पण वस्तू पुरुषांच्या वापराची आणि शेजारी चेहराही न दाखवलेली स्त्री, नुसते ओठ किंवा कंबर, हे चित्र आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की ते खटकतही नाही. फ्रेडरिकसन आणि रॉबर्ट्‌स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडले, की अशा नजरेच्या सहवासात मुली स्वतःच्या शरीराकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहू लागतात. त्यातून लाज, चिंता, नैराश्य आणि आहाराचे विकार बळावतात.

एखादी जाहिरात पाहून कोणी लगेच हात उगारतो असे नव्हे. हिंसेची मुळे अनेक असतात: व्यसन, संशय, बालपणी घरात पाहिलेली मारहाण. परंतु स्त्री ही वस्तू आहे असे मनात रुजले, की तिची वेदना क्षुल्लक वाटू लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील सुमारे २९ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. काही कारणांसाठी पतीने मारणे योग्यच, असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४५ टक्के आहे!

दवाखान्यात अशी स्त्री ‘न्हाणीघरात घसरले’ असे सांगते. पण घसरणारा माणूस हात टेकतो. मार सहसा तळवे, कोपर, गुडघे यांना लागतो. दंडाच्या आतील बाजूस, मानेवर वा पाठीवर काही ताजे, काही जुने काळेनिळे डाग असतील, डोकेदुखी किंवा निद्रानाश हटत नसेल, तिच्याऐवजी नवराच उत्तरे देत असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनी सावध व्हावे. तिला एकटीला गाठून, ‘तू काय केलंस?’ असे न विचारता ‘तुला घरात भीती वाटते का?’ एवढेच विचारावे. महिला मदतवाणी १८१ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ तिच्याजवळ असावेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा पत्नीप्रमाणेच आई आणि सासूचेही रक्षण करतो, हे वृद्ध भगिनींनीही ध्यानात ठेवावे.

आक्षेपार्ह जाहिरातीची तक्रार भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजेच ‘एएससीआय’कडे, ऑनलाइन करता येते, स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाविरुद्ध १९८६ पासून कायदाही आहे. त्याहून सोपा उपाय हाताशीच आहे. अशी जाहिरात लागली, की निमूटपणे वाहिनी बदलू नका. नातवाला विचारा, ‘या बाईच्या जागी तुझी ताई असती, तर तिला कसे वाटले असते?’ आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.