अपघातानंतर पुन्हा ब्रेव्हे: हाड, दम आणि धीर

पुण्याहून लोणावळ्याकडे निघणाऱ्या सायकलस्वाराला द्रुतगती मार्ग बंद आहे. त्यामुळे त्याची भिस्त जुन्या महामार्गावर आणि मावळातल्या आतल्या रस्त्यांवर. तळेगाव एमआयडीसीतून नवलाख उंबऱ्याकडे जाताना तर कंटेनर सोबतीलाच असतात. अशा रस्त्यावर मोठा अपघात झाला, तर पुन्हा ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीचा, पल्ला गाठेपर्यंत तीन गोष्टी सावराव्या लागतात: हाड, दम आणि धीर. तिन्ही एका वेगाने सावरत नाहीत. घाई केलेल्यांची फसगत होते ती इथेच.

पहिला तास

पडलेल्याला हात धरून उठवू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर आहे तसाच ठेवून १०८ ला फोन करावा. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेटही ओढून काढू नये. हँडल पोटात घुसल्यास वरून फक्त वळ दिसतो, रक्तस्राव आत होत असू शकतो. म्हणून ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्यालाही रुग्णालयात न्यावे.

मदत करणाऱ्यावर स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. मोटार वाहनामुळे अपघात झाला असेल, तर २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार ठरवलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात.

हाडाचे वेळापत्रक

सायकलवरून पडताना माणूस हात पुढे टाकतो किंवा खांद्यावर आदळतो. म्हणून कॉलरबोन आणि मनगट आधी मोडते. कॉलरबोन जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तुकडे फार सरकले असतील तर प्लेट बसवतात. बरगड्यांना सुमारे ६ आठवडे. मांडीच्या हाडात रॉड घातल्यावर रुग्णाला लवकर उभे करतात, पण हाड पक्के व्हायला ३ ते ६ महिने जातात.

मनगटातले स्कॅफॉइड हे छोटे हाड फसवे आहे. त्याचा रक्तपुरवठा तोकडा असतो आणि मोडल्याची रेघ पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतच नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिले तर पुन्हा तपासून घ्यावे. तंबाखू आणि सिगारेटने हाड जुळणे लांबते.

दम आधी परततो

१९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासले, तेव्हाही ती इतकी खाली गेलेली नव्हती. मात्र १९६६ मधली ती घसरण आठ आठवड्यांच्या व्यायामाने भरून निघाली होती.

म्हणूनच डॉक्टरांची परवानगी मिळताच होम ट्रेनरवर हलके पेडल मारणे फायद्याचे ठरते. पण दोन महिन्यांत पाय आणि छाती तयार झाली, तरी मांडीचे हाड अजून कच्चेच असू शकते. रस्त्यावर उतरण्याचा निर्णय दमावर नव्हे, एक्स-रे आणि ताकदीच्या तपासणीवर घ्यावा.

डोक्याला मार

मेंदूला हादरा बसला असेल, तर पहिले २४ ते ४८ तास विश्रांती आणि मोबाइल, टीव्ही कमीत कमी. मग चालणे, पुढे स्थिर सायकल, अशी एकेक पायरी. डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ वाढली की एक पायरी मागे. वारंवार उलट्या, वाढती गुंगी किंवा झटके आले तर तातडीने रुग्णालय गाठावे. हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. त्यातला फोम एकदा दबला की पुन्हा धक्का झेलत नाही.

धीर शेवटी येतो

मागून ट्रकचा आवाज आला की हात आखडतात. सुरुवातीला हे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही झोप उडत असेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, तर मानसोपचाराची मदत घ्यावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

शर्यतीत परतणे आणि पूर्वीसारखे होणे यांतही अंतर असते. २०१९ च्या टूर द फ्रान्सचा विजेता कोलंबियाचा एगान बर्नाल जानेवारी २०२२ मध्ये सराव करताना थांबलेल्या बसवर आदळला. मणका, मांडी, गुडघा, बरगड्या मोडल्या. त्याच ऑगस्टमध्ये तो शर्यतीत परतला. पुन्हा जिंकायला मात्र फेब्रुवारी २०२५ उजाडले.

कागदपत्रे

एफआयआर, पंचनामा, उपचारांची बिले आणि मोडक्या सायकलचे फोटो जपून ठेवावेत. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. हे काम घरच्यांनी पहिल्या महिन्यातच हाती घ्यावे.

पुन्हा दोनशे

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास वेग पुरतो. नोंदणीपूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात: उतारावर दोन्ही ब्रेक जोरात दाबणे, मान वळवून मागची गाडी बघणे, आणि चार तासांनंतरही हँडलवर हात न दुखता टिकणे. तिन्हींत उत्तीर्ण झालात तर नाव नोंदवा. नाहीतर पुढची ब्रेव्हे धरा.