गाडीच्या रंगावरची जाळी: पॉलिश मशीन हातात घेण्याआधी

तुमची गाडी काळी, गडद निळी किंवा लाल असेल तर एकदा हे करून बघा. रात्री पेट्रोल पंपावर पांढऱ्या एलईडी दिव्याखाली गाडी उभी असताना खाली उतरा आणि बॉनेटकडे जरा तिरकं बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल, केसाएवढ्या बारीक रेघा दिसतात का? दिवसा सावलीत हीच गाडी अगदी चकाचक दिसत असते. या रेघांना स्वर्ल मार्क म्हणतात. त्या कोणी मुद्दाम ओढलेल्या नसतात, बहुतेक वेळा त्या गाडीवर सगळ्यात जास्त जीव असलेल्या माणसाने पाडलेल्या असतात.

आमच्या घरात तो माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. काका बेंगळुरूच्या राजाजीनगरात राहतात आणि गेली आठ वर्षं रोज सकाळी, चहाच्या आधी, आपली काळी सेडान पिवळ्या फडक्याने पुसतात. फडकं तेच, दिवस वेगळा. मागच्या वर्षी त्यांच्या मुलीला नोकरी लागली आणि गाडी आता तिला द्यायची असं ठरलं. देताना नव्यासारखी दिसावी म्हणून काकांनी ती एका गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ला टाकली. दुपारी टाकली, संध्याकाळी आली, आरशासारखी! दोनदा धुतल्यावर मात्र जुनी जाळी परत वर आली, शिवाय उन्हात तेलाच्या तवंगासारखे पट्टे हलताना दिसू लागले. आणि बॉनेटवर जिथे पत्र्याची उभी घडी आहे तिथे बोटभर लांबीचा, निस्तेज पांढुरका डाग. तो डाग धुऊन जात नव्हता, कारण तिथे धुण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नेमकं काय झालं ते समजायला गाडीचा रंग किती जाड असतो ते माहीत हवं. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा एक केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक अर्ध्या केसाएवढ्या थरावर उभी असते. ऊनही हाच थर झेलतो. स्वर्ल मार्क या थराच्या अगदी वरच्या भागात असतात. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा ‘भरणं’ नव्हे, तर आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणणं. हलक्या हाताच्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंड लावून घासलं तर जास्त. गेलेला थर परत येत नाही. म्हणून एका गाडीच्या आयुष्यात असं पॉलिश मोजक्याच वेळा करता येतं.

रेघा गोल का दिसतात, हा प्रश्न मलाही पडला होता. त्या गोल नसतातच. घरातलं रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा आणि हळूहळू हलवा. बल्ब सरकतो तसं वर्तुळही सरकतं. ताटावर ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याचा उजेड डोळ्यांकडे परतवतात ते फक्त दिव्याभोवती आडवे पडलेले, म्हणून आपल्याला वर्तुळ भासतं. तेव्हा ‘मी कधीच गोल गोल पुसत नाही, सरळच पुसतो’ असं कोणी सांगितलं तर त्याने काही फरक पडत नाही. (काकांनी हे मला दोनदा सांगितलं होतं.)

खरा दोष धुळीचा. बेंगळुरू ग्रॅनाइट आणि नाइस खडकावर वसलंय. लालबागेतल्या टेकडीचा खडक तर सुमारे तीन अब्ज वर्षं जुना मानला जातो. या खडकांत क्वार्ट्झ भरपूर असतं आणि क्वार्ट्झ काचेपेक्षाही कठीण. शहरात सतत कुठेतरी रस्ता खोदलेला, कुठे इमारत उठतेय, त्यामुळे सकाळी गाडीवर बसलेल्या धुळीत हेच कण. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे फार बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच आहे. पुण्या-मुंबईत, नागपूर-सोलापुरात खडक वेगळा असेल, पण वाळू-सिमेंटची धूळ सगळीकडे तशीच.

त्यात पाण्याची अडचण. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली, मोडल्यास ५,००० रुपये दंड. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच आदेश पुन्हा आला. हा निर्णय योग्यच होता. कावेरीचं पाणी जवळपास १०० किलोमीटरवरून उपसून आणायचं आणि ते टायरवर ओतायचं हे कुणालाही पटणार नाही. पण पाईप बंद झाला तेव्हा बऱ्याच घरांत कोरडं फडकं आलं. बोअरवेलचं पाणी वापरावं तर ते जड, उन्हात वाळलं की रंगावर पांढरे ठिपके सोडतं.

मशीन कोणतं?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. रोटरी मशीनचा पॅड एकाच अक्षाभोवती सरळ फिरतो. ते झपाट्याने कापतं आणि झपाट्याने तापतं. सरावलेल्या हातात ते उत्तम हत्यार आहे, पण घाईच्या हातात त्याच्याच खुणा उरतात. काकांच्या गाडीवर हलणारे पट्टे होते ते याच खुणा, त्यांना होलोग्राम म्हणतात. मग पहिल्या दिवशी ते दिसले का नाहीत? पॉलिशमधलं तेल आणि मेण रेघांत भरून बसलं होतं म्हणून. दोन धुण्यांत ते निघून गेलं.

दुसरं ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता थोडा डोलतो. जास्त दाबलं किंवा कडेवर गेलं तर बहुतेक मशीनमध्ये पॅडचं फिरणंच थांबतं, त्यामुळे रंग जळायची भीती बरीच कमी. पहिल्यांदा करत असाल तर डीएच घ्या. वेळ जास्त लागतो, लागू द्या. ड्रिल मशीनला पॅड जोडून काम भागवायचा मोह टाळा, ती रोटरीच आहे आणि नीट धरताही येत नाही.

आम्ही काकांच्या ओळखीतल्या एकाकडून डीए मशीन आणि रंगाची जाडी मोजणारा छोटा गेज आणला. गेज पत्र्याला टेकवला की आकडा दाखवतो, प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज चालत नाही. छतावर आकडे ११५-१२० च्या आसपास आले. दारांवरही तसेच. बॉनेटवर मात्र ९५, आणि त्या घडीजवळ ७० च्या खाली. गेज एकूण जाडी सांगतो, त्यातला क्लिअर कोट किती ते सांगत नाही; पण शेजारच्या भागापेक्षा आकडा इतका खाली असला तर कुणीतरी तिथे आधी घासून गेलंय एवढं कळतं. काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे इथे आता हात लावायचा नाही.” नाही लावायचा.

प्रत्यक्ष काम

अर्धा दिवस तयारीतच जातो. आधी गाडी शांपूने नीट धुवायची. मग ओल्या रंगावर क्ले बार फिरवायचा. ही मळलेल्या कणकेसारखी चिकणमाती झाडाचा चिकटा, डांबराचे ठिपके, रंगात रुतलेली धूळ उचलून घेते. ती जमिनीवर पडली तर फेकून द्यायची, मोह नको. मग रबरी पट्ट्या, दिवे, दारांच्या कडा आणि पत्र्याच्या घड्या मास्किंग टेपने झाकायच्या. कडांवर कंपनीतूनच थर पातळ बसतो, आणि जळतात त्याही आधी कडाच.

गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून भुकटी होते.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी गॅरेजवाले घाईत गाळतात. बॉनेटवर किंवा दारावर दीड फूट बाय दीड फुटाचा एक चौकोन निवडा आणि फक्त त्यावर प्रयोग करा. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: मऊ फोमचा पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवायचा, मग कमी वेगात पॉलिश पसरवायचं. त्यानंतर सहापैकी चौथ्या-पाचव्या वेगावर, आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर पुढचा पट्टा असं आडवं-उभं मिळून चार ते सहा वेळा. हात हळू, इस्त्री फिरवतो त्याहूनही हळू. दाब जेमतेम मशीनच्या वजनाहून थोडा जास्त. पॅडच्या मागच्या थाळीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा, ती फिरताना दिसली नाही तर पॅड नुसताच थरथरतोय आणि काम होत नाहीये.

मग स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा, वर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून तेलकटपणा काढा आणि मोबाईलच्या टॉर्चने बघा. आता दिसतं ते खरं. जाळी गेली असेल तर हीच जोडी साऱ्या गाडीला. नसेल तर एक पायरी वर: थोडा कडक पॅड, थोडं तिखट पॉलिश. थेट कंपाउंडपासून सुरुवात करू नका. आमचं काम मधल्या पायरीवर भागलं.

दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा, त्यात क्लिअर कोटची भुकटी अडकते. मध्ये मध्ये पत्र्याला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका नको. प्लास्टिकचा बंपर उष्णता वाहून नेत नाही, तिथे आणखी जपून. आणि वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर पॉलिश केलेल्या भागावर तीच घासत राहते, जे आमच्या बाबतीत एकदा झालंच. जुनी, क्लिअर कोट नसलेली गाडी असेल तर पॅडवर गाडीचाच रंग उतरतो. घाबरू नका, पण तिथे घासाल तेवढा खरा रंगच जातो हे ध्यानात ठेवा.

नखाला अडकणारा ओरखडा मात्र सोडून द्या. तो काढायला जेवढा थर घालवावा लागेल तेवढा बहुधा तुमच्याकडे नसतो. काकांच्या मागच्या दारावर असे दोन आहेत, आता ते थोडे बोथट झालेत आणि तसेच राहतील.

आम्हाला पूर्ण गाडीला शनिवार-रविवार लागला. नंतर कुणी सिरॅमिक कोटिंग सुचवेल. ते वाईट नाही, पाणी पटकन घसरतं, चिखल सहज निघतो, उन्हापासून थोडा बचाव होतो. पण ते ओरखडे अडवणारं कवच नाही, आणि जाळी न काढता त्यावर कोटिंग केलं तर जाळीच कोटिंगखाली बंद होते.

आणि फडक्याचं काय?

काकांच्या रस्त्यावर एक मुलगा सकाळी सहापासून महिन्याच्या पगारावर बऱ्याच गाड्या पुसतो. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. मावशी म्हणाली, “त्याला बंद करा.” काकांना ते पटलं नाही, इतके पैसे तो दर महिन्याला गावी पाठवतो, आणि त्याच्याआधी मीच आठ वर्षं तेच करत होतो, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी त्याच्याशी बसून ठरवलं. रोज पुसायचं नाही, आठवड्यातून दोनदा, पैसे तेवढेच. बादलीभर पाण्यात झाकणभर रिन्सलेस शांपू, आठ-दहा लिटरमध्ये अख्खी गाडी होते. काकांनी त्याला आठ मायक्रोफायबर टॉवेल आणून दिले. टॉवेलची चार घडी, प्रत्येक भागाला नवी बाजू, सरळ एका दिशेने, दाब न देता, आणि एकदा मळलेली बाजू परत बादलीत नाही. छत आधी, दारांचा खालचा भाग शेवटी. मधल्या दिवसांत धूळ बसली तर बसू द्यायची. हे काकांना सगळ्यात अवघड गेलं.

गाडी आता मुलगी चालवते. बॉनेटच्या घडीवरचा तो पांढुरका डाग अजून तसाच आहे. तेवढं पॅनेल रंगवून घेऊ म्हणून काका तिच्या मागे लागलेत, ती म्हणते पावसाळा जाऊ दे, मग बघू.